पाझर तलावात पोरांना पोहायला शिकवावं का?

माणदेशी_गडी

नमस्कार मंडळी. माझं गाव वडूजकडं, खटाव तालुका. गावाच्या वरच्या अंगाला १९७२ च्या दुष्काळातला पाझर तलाव आहे. आमच्या आज्यानं त्याच्यावर खडी फोडलीय, सुकडी खाऊन. मी त्याच तलावात शिकलो. वडलांनी पाठीला डालड्याचा रिकामा डबा बांधला आणि दिलं ढकलून, चौथ्या दिवशी डबा सुटला तरी मला कळलं नव्हतं.

आता मी पुण्यात. पोरं दोन, थोरला १२ आणि धाकटी ९. दोघंही सोसायटीच्या टँकमधे शिकलेत, टँक चार फूट, खाली निळी फरशी. दिवाळीत गावी गेलो की आमचा तलाव दाखवा, पोहायचं, असं पाठीमागं लागतात. बायको म्हणते पाय टाकायचा नाही. आई म्हणते तुम्ही नाही का पोहलात. मला दोघींचंही पटतं आणि तिथंच घोळ आहे. खरंच काय काय बघायला पाहिजे ते सांगा, नुसतं "काळजी घ्या" नको.

तिरकस

माणदेशात तलावात पोहायचंय म्हणताय, टँकर किती सांगितलेत?

माणदेशी_गडी

@तिरकस 😄 हक्काचा जोक आहे, घ्या. आम्ही मे महिन्यात त्याच तलावात क्रिकेट खेळायचो, पिच एक नंबर. पण उरमोडी धरणाचं पाणी यायला लागल्यापासून चित्र बदललंय, आता उन्हाळ्यातही पाणी दिसतं. आणि गंमत म्हणजे गावातल्या आत्ताच्या पोरांना पोहता येत नाही, कारण ती वाढली तेव्हा पाणीच नव्हतं.

सुमेधा_व

तुमच्या शेवटच्या वाक्यात गंमत काही नाही, तोच तर धोका आहे. पाणी आलं आणि पोहणारी पिढी गेली.

मी वहिनींच्या बाजूनं. माझं माहेर सोलापूर जिल्ह्यातलं, लहानपणी तलावावर धुणं धुवायला बायका जायच्या, आम्ही पोरी मागं. पोरगे शिकायचे, आम्हाला कुणी शिकवलं नाही, वर "पोरीच्या जातीनं पाण्यात उतरू नये". पण धुणं धुवायला मात्र पोरींनीच जायचं! एकदा एका मुलीचा पाय घसरला, तिला धरायला दुसरी गेली, दुसरीचा पदर तिसरीनं धरला. काठावर एक म्हातारा शेळ्या राखत होता, त्यानं काठी पुढं केली म्हणून तिघी वाचल्या. तो स्वतः उतरला नाही, काठावर पालथा पडला आणि काठी दिली. तेव्हा लोक त्यालाच नावं ठेवत होते, भित्रा म्हणून. आज वाटतं त्या गावात शहाणा तो एकटाच होता.

कोल्हापूरकर

लगा किती घाबरवताय त्या माणसाला. आम्ही रंकाळ्यात, पंचगंगेत, कोटीतीर्थात, दिसेल तिथं उड्या टाकल्या. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येतंय होय? पोरं शिकलेली हायत, घेऊन जावा, मस्त मुटकं मारू द्या.

जलतरंग

@कोल्हापूरकर, तुम्ही वाचलात म्हणून इथं लिहिताय. जे वाचले नाहीत ते धाग्यावर येत नाहीत.

मी बरीच वर्षं पोहायला शिकवलंय, टँकवरही आणि विहिरीवरही. एक सांगतो. टँकमधे शिकलेला, विहिरीत शिकलेला आणि तलावात शिकलेला, हे तीन वेगळे प्राणी आहेत. टँकवाल्याला तळ दिसायची सवय असते, दमलं की पाय टेकायचे किंवा कडेचा बार धरायचा. गढूळ पाण्यात स्वतःचा हात दिसेना झाला की चांगली पोहणारी पोरं सुद्धा मान वर काढून कुत्र्यासारखी पोहायला लागतात आणि पाच मिनिटांत दमतात. विहीरवाला पाण्याला भीत नाही, पण त्याला दहा हातांवर काठ लागतो, त्याचा दम तेवढाच. तलावात समोरचा काठ जवळ दिसतो. दिसतो फक्त! पाण्यावरचं अंतर डोळ्यांना कमीच वाटतं, निम्म्यात गेल्यावर कळतं की अजून तेवढंच राहिलंय आणि मागंही तेवढंच आहे.

म्हणून तलावात आडवं जायचंच नाही. काठाला धरून, काठाला समांतर, छातीएवढ्या पाण्याच्या पट्ट्यात. कधीही उभं राहता आलं पाहिजे.

दुसरं, थोरल्याला विचारा, पाण्यावर उताणा पडून हातपाय न मारता तीन मिनिटं राहता येतं का? बटरफ्लाय येत नसला तरी चालेल, हे आलंच पाहिजे. पायात गोळा आला, दम लागला, घाबरला, सगळ्यावर हेच औषध. नुसतं उताणं व्हायचं आणि श्वास घ्यायचा. क्लासमधे हे फार कमी शिकवतात, कारण पालकांना लांबी किती मारली तेवढंच बघायचं असतं.

आणि सूर मारायचा नाही. खाली काय आहे दिसत नाही तिथं डोकं पुढं घालायचं नाही. मान मोडली की बुडायचीही गरज उरत नाही.

पांगारा

डबा म्हणजे चैन! आम्हाला पांगाऱ्याच्या वाळक्या लाकडाचे बिंडे होते, सुतळीनं छातीला आवळून. सुतळी ओली झाली की काखेत जी काचायची ती अजून आठवते.

गावकुसाबाहेर

आमच्याकडं वाळका भोपळा. आणि एका काकानं ट्रकच्या ट्यूबवर बसवलेलं, तिचं हवा भरायचं तोंड बरगडीत घुसलं होतं, खूण अजून आहे.

तिरकस

म्हणजे आमच्या पिढीला शिकताना पाण्यापेक्षा सुतळीनंच जास्त मारलंय.

जलतरंग

ट्यूबचं निघालंच आहे तर, तलावावर ट्यूब आणि दंडाला लावायचे फुगे दोन्ही घरी ठेवा. वारा काठाकडून आत वाहत असेल तर ट्यूब पोराला घेऊन मधे जाते, पोरगं हातानं पाणी मारत बसतं आणि ट्यूब काही वळत नाही. मग घाबरून ट्यूब सोडतं. लहानीला अंगाला बक्कलं लागणारं, दोन पायांमधून पट्टा येणारं लाईफ जॅकेट घ्या, तिच्या वजनाचं. मोठं होईल म्हणून दोन साईझ मोठं घेऊ नका, ते स्वेटरला ठीक आहे.

काळीमाती

मूळ प्रश्नावर येतो, कारण एक गोष्ट अजून कुणी बोललं नाही. गाळ.

आमच्याकडं (बीड जिल्हा) २०१७ पासून ते "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" सुरू झालं. योजना चांगली, मी स्वतः चाळीस ट्रॉल्या गाळ शेतात टाकला, पीक झकास आलं. पण गाळ काढताना पोकलेन जिथं सोयीचं तिथं खणतं. काठाजवळ, रस्त्याजवळ, ट्रॉली लागेल तिथं. वर मुरूमवाले रात्रीतून येऊन अजून खोल करून जातात. पाऊस पडला की सगळं एकसारखं पाणी दिसतं. गडी, तुमच्या डोक्यातला तलाव चाळीस वर्षांपूर्वीचा आहे. हळूहळू उतरत जाणारा. आत्ताचा तसा असेलच असं नाही, गुडघ्याएवढ्या पाण्यातून पुढचं पाऊल टाकलं की थेट दोन पुरुष. आमच्याकडं म्हशी धुवायला नेणारी, रोज त्या पाण्यात उतरणारी माणसं फसलीत अशा खड्ड्यात, कारण ती जुन्या ओळखीवर गेली.

आणि खड्ड्याची कड सरळ कापलेली, मऊ. धरायला जावं तर ढासळते.

सुमेधा_व

बाप रे. हे डोक्यातच आलं नव्हतं.

माणदेशी_गडी

@काळीमाती, खरं सांगू, वाचून पोटात गोळा आला. आमच्याही तलावातनं गाळ नेलाय, मी स्वतः फोटो लाईक केला होता ग्रुपवर.

भंडारेकर

आमचा भंडारा म्हणजे तलावांचाच जिल्हा हो भाऊ. मालगुजारी तलाव, कोहळी लोकांनी बांधलेले, काही तर दोन-तीनशे वर्षांचे. लहानपण पाळीवरच गेलं. आमच्या इकडचा धोका वेगळा राहते. शिंगाड्याचे वेल आणि कमळाचे देठ. वरून हिरवंगार छान दिसते, आत पाय गेला की गुंतला. माणूस काय करते, झटके मारते. झटका मारला की अजून आवळते. आमच्या गावच्या मासे धरणाऱ्या ढिवर काकांनी सांगितलं होतं, गुंतला तर पाय हलवायचे बंद कर, उताणा हो, आणि वेल हातानं मोज्यासारखा खाली सरकवून काढ. कराटे नाही खेळायचं.

गाळात पाय रुतला तरी तेच. उभं राहून ओढाल तर दुसरा पाय रुतते. अंग पाण्यावर टाकायचं आणि हळूहळू पाय काढायचा.

आणि एक, कोणत्याही तलावावर गेलं की आधी तिथं मासे धरणाऱ्याला शोधा. खोल कुठं, जाळं कुठं लावलं, झाडाचं खुंट कुठं बुडालं, सारं त्याला ठाऊक राहते. नायलॉनचं बारीक जाळं तर पाण्यात दिसतच नाही. आमचे इथले शहरातले पाहुणे त्याला मासळीचा भाव विचारतात, पाण्याचं नाही विचारत.

मोटारवाला

शेतकऱ्याचा मुद्दा घ्या. तलावात पाणी आलं की काठानं मोटारी बसतात. पाईप, फुटवॉल, दोऱ्या सगळं पाण्यात. त्याच्यापेक्षा वाईट म्हणजे वायर. जोड दिलेली वायर, वर प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली, बाभळीवरून लोंबत पाण्यापर्यंत. मी स्वतः शेतकरी आहे म्हणून सांगतो, आमच्या जोडण्यांवर भरवसा ठेवू नका 🙏 मोटार दिसली की त्या बाजूला उतरायचंच नाही, लाईट नसली तरी. लाईट कधी येईल ते आम्हालाच माहीत नसतं.

वारकरी_मी

आमच्या आजीचं म्हणणं, प्रत्येक पाण्यात साती आसरा असतात आणि तो तलाव दर वर्षी एक माणूस मागतो. आमच्या तलावाच्या काठी सात दगड होते शेंदूर लावलेले. तिथं नारळ फोडल्याशिवाय कुणी उतरत नसे. अंधश्रद्धा म्हणा पण एक बघा, ते सात दगड बरोबर जिथं पाणी एकदम खोल होतं तिथंच होते.

तिरकस

म्हणजे पाटबंधारे खात्याच्या पाटीपेक्षा जास्त चालायचे. पाटी लावली की लोक तिच्यावर कपडे वाळत घालतात.

काळीमाती

किंवा पाटीला टेकून सेल्फी.

कोल्हापूरकर

आसरांना कशाला मधे घेताय. दर वर्षी जो माणूस जातो त्यातला एखादा बाटली घेऊन उतरलेला असतोय. पार्टी करायची, "नाद करायचा न्हाय" म्हणायचं आणि पलीकडं पोहून दाखवायची पैज. ही पैज बंद करा आधी. आणि जलतरंगसाहेब, मगाशी मी जरा फेकलं. आम्ही उड्या टाकायचो तेव्हा काठावर कायम दोन-चार पट्टीचे पोहणारे असायचे, कुणाचा काका, कुणाचा तालमीतला. पोरं दिसेनाशी झाली की हाक यायची. ते आता सांगायचं राहिलं.

जलतरंग

@कोल्हापूरकर, हे मात्र लाखातलं बोललात.

आम्स्टरडॅमची_काकू

उशिरा आले. नेदरलँड्समधे राहते, इथं घराबाहेर पडलं की कालवाच. त्यामुळं पोरांना चार-पाच वर्षांपासून पोहायला घालतात आणि ए, बी, सी अशा परीक्षा असतात. माझ्या लेकाच्या वेळी मी बघत बसले होते, तर पोरांना शर्ट, पॅंट, बूट घालून पाण्यात उतरवलं! मला वाटलं कपडे बदलायला विसरले. मग कळलं, माणूस पाण्यात पडतो तो कपड्यांसकट पडतो, म्हणून सराव कपड्यांत. प्लास्टिकच्या कापडाला भोक असतं, त्यातनं पाण्याखालून जायचं, हेही परीक्षेतच.

आपल्याकडं साडी, ओढणी, जीन्स काय काय अंगावर असतं. सोसायटीच्या टँकवाल्यांना विचारून एकदा जुन्या टीशर्ट-पॅंटवर पोहायला लावून बघा. किती जड होतं ते पोरांना स्वतःलाच कळेल.

तिरकस

सोसायटीची कमिटी नायलॉनचा कॉश्च्यूम नसला तर आत सोडत नाही, जीन्स घालून गेलात तर जनरल बॉडी बोलावतील.

शंकासुर

पण केरळमधे तो मेंदू खाणारा अमिबा निघालाय ना? व्हॉट्सॲपवर आलंय की तलावाचं पाणी तोंडात गेलं तरी खलास. मग मुळात जायचंच कशाला?

वैद्यबुवा

तोंडात गेल्यानं होत नाही, नाकातून आत गेल्यानं होतो. केरळमधे २०२४ आणि २०२५ मधे केसेस झाल्या हे खरं, आजार अत्यंत घातक हेही खरं, पण फार दुर्मीळ आहे. कोमट, साचलेलं, शेवाळलेलं पाणी त्याला आवडतं. नाकाला क्लिप लावा, तळाचा गाळ ढवळू नका, हिरव्या रंगाचा तवंग आलेल्या पाण्यात उतरू नका. गुरं बसतात त्या बाजूला नको, पायाला जखम असेल तर नकोच, लेप्टो, म्हणजे जनावरांच्या मुतातनं पाण्यात येणारा तापाचा आजार, त्यातनं होतो. पोहून आल्यावर आठ-पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरला "तलावात पोहलो होतो" हे आपणहून सांगा, आम्हाला स्वप्न पडत नाही.

पण अमिबापेक्षा बुडणं कितीतरी पटीनं जास्त होतं, जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली. तेव्हा त्याबद्दल लिहितो.

बुडणारा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं, श्वासच पुरत नाही तर हाक कुठून मारणार. हातही वर करून हलवत नाही, तो हातांनी पाणी खाली दाबत असतो. काठावरून बघणाऱ्याला वाटतं पोरगं उभ्यानं खेळतंय. गप्प झालेलं पोर हाच धोका. म्हणून एका माणसानं फक्त बघायचं, मोबाईल खिशात नाही, गाडीत.

बाहेर काढल्यावर आपल्याकडं जे चालतं ते बघून अंगावर काटा येतो. पोट दाबतात, उलटं टांगतात, खांद्यावर पालथं टाकून पळतात, पाणी काढायचं म्हणून. पोटातलं पाणी काढून काही होत नाही, उलट उलटी होऊन ती छातीत जाते. माणूस हाक मारून, हलवून प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नसेल तर उताणा झोपवा, हनुवटी वर करा, नाक दाबून तोंडानं आधी श्वास द्या, दोन ते पाच. मग छातीच्या मधोमध ३० दाब, जोरात आणि भरभर, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगानं, पुन्हा दोन श्वास. थांबायचं नाही. तेवढ्यात दुसऱ्यानं १०८ लावायचा. आणि उठून बसला, बोलायला लागला, चहा मागितला तरी दवाखान्यात न्यायचं, फुप्फुसाचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो.

सुमेधा_व

आणि वाचवायला आत उडी नाही, हे लिहा ना. माझ्या म्हाताऱ्याची काठी.

वैद्यबुवा

हो, तुमच्या प्रतिसादातच सगळं आलंय म्हणून लिहिलं नाही. काठी, दोरी, दोन ओढण्या बांधून, पाण्याचा २० लिटरचा रिकामा जार झाकण लावून. जार दोरीला बांधून फेकला तर उत्तम. मोठा माणूस आरामात तरंगतो त्यावर.

पांगारा

म्हणजे फिरून डालड्याच्या डब्यावरच आलो की हो आपण!

मूकवाचक

पहिल्यांदाच लिहितोय. गणपतीनंतर तलावात उतरताना जपा. आमच्या इथं विसर्जनाच्या घाटाजवळ मूर्तीच्या आतल्या सळ्या आणि पाटाची खिळे असलेली लाकडं तळाला पडलेली असतात. माझ्या पायाला नऊ टाके.

माणदेशी_गडी

सगळ्यांना उत्तर देतो असं म्हणून गायब झालो होतो, माफी. परवा गावी जाऊन आलो, एकटाच.

भंडारेकर भाऊंचं ऐकलं. आमच्या तलावात मासे धरणारे एक आप्पा आहेत, त्यांना गाठलं. चहा-तंबाखू झाल्यावर म्हटलं, आप्पा, मला तलाव दाखवा. ते म्हणाले, "तू हितंच वाढलास की, तुला काय दावायचं." तरी थर्माकोलच्या तराफ्यावर दोघं बसलो (मी जॅकेट घालून, आप्पा हसत होते), हातात बारा फुटी बांबू.

मी शिकलो ती चिंचेखालची जागा. वीस पावलं आत बांबू कमरेएवढा बुडाला. एकविसाव्याला अख्खा गेला. हात पाण्यात घातला तरी तळ नाही. आप्पा म्हणाले, हितनं पोकलेननं चार दिवस माती काढली. माझा चेहरा बघून म्हणाले, आणि हितंच सगळी पोरं उतरत्यात, कारण सावली हाय.

उत्तरेच्या अंगाला मुरमाड जागा आहे, तिथं मात्र काठापासून साठ-सत्तर पावलं बांबू छातीच्या वर गेला नाही. मोटार नाही, वेल नाही, सावलीही नाही. दोघांनी मिळून बांबू रोवले, लाल कापड बांधलं, त्याच्या आत पोहायचं. सकाळी सात ते साडेआठ, वारा सुटायच्या आत. आप्पा काठावर बसणार, दिवसाची मजुरी मी देणार. घेत नव्हते, पण बसायचं काम आहे, मदत नाही, असं म्हटल्यावर घेतली.

चिंचेखाली पण काहीतरी खूण पाहिजे होती. पाटी लावली तर काय होतं ते तिरकसनी सांगितलंच आहे.

वारकरी_मी

मग काय केलंत?

माणदेशी_गडी

आप्पांनी सात दगड मांडले आणि शेंदूर लावला. मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी तिथं एक नारळ होता.

तिरकस

नारळ कुणी नेला?

माणदेशी_गडी

आप्पांनी. म्हणाले, रोज बघावा लागतोय की, राखण आहे.

आम्स्टरडॅमची_काकू

आणि वहिनी काय म्हणाल्या?

माणदेशी_गडी

ती म्हणाली, मला पण शिकायचंय. तिला पोहता येत नाही, एवढी वर्षं मी कधी विचारलंच नव्हतं. तर आता जॅकेट तीन. मोठ्या माणसाच्या साईझचं कुठं चांगलं मिळतं पुण्यात, कुणाला माहिती असेल तर टाका.